डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव चुकलंय? माजी सैनिकांनी लष्करी नोंद दुरुस्त कशी करायची, वाचा सविस्तर

पेन्शन दर महिन्याला खात्यावर जमा होते तोवर जुनी ट्रंक कोणी उघडत नाही. डिस्चार्ज बुक, पीपीओ, मेडलं सगळं त्यात कपड्यात गुंडाळून ठेवलेलं असतं. ट्रंक उघडली जाते ती बहुतेक घरातला कर्ता माणूस गेल्यावर. आणि नेमकं तेव्हाच कळतं की लष्कराच्या नोंदीत त्याच्या बायकोचं नाव वेगळंच आहे, किंवा जन्मतारीख चुकलीय, किंवा तिची नोंदच नाही. ज्याच्या एका सहीने काम झालं असतं, तोच माणूस आता नाही.

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात असं गाव सापडणं अवघड जिथून कोणी फौजेत गेलं नाही. अपशिंगे गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे घरोघरचा आहे. नोंद चुकते कशी, ती कोण दुरुस्त करतं, कागद कोणते लागतात आणि उत्तर आलं नाही तर पुढे काय करायचं, हे सोप्या भाषेत समजून घेऊ.

चूक होते कुठे?

एक उदाहरण घेऊ. समजा, एक जवान १९६३ साली भरती झाला. पुढे लग्न झालं. मुलीचं माहेरचं नाव हौसाबाई. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे लग्नात ताटातल्या तांदळावर नवीन नाव लिहिलं गेलं, शालन. सासरी, रेशनकार्डावर, मतदार यादीत आणि पुढे आधारवर शालन हेच नाव लागलं. पण जवानाने युनिटमध्ये लग्नाची माहिती दिली तेव्हा सासऱ्याच्या पत्रातलं हौसाबाई हेच नाव सांगितलं. क्लार्कने ते इंग्रजीत टाईप केलं. जन्मतारीख कोणालाच माहीत नव्हती, म्हणून अंदाजे वय टाकलं. १९८० साली जवान पेन्शनवर घरी आला आणि ही नोंद आजपर्यंत तशीच राहिली.

यात कोणाचीच लबाडी नाही. पण सरकारी कागदावर हौसाबाई आणि शालन या दोन बाया झाल्या.

अशा चुका साधारण पाच प्रकारच्या असतात.

१) नाव पूर्ण वेगळं, म्हणजे माहेरचं आणि सासरचं.
२) नाव तेच पण स्पेलिंग वेगळं, किंवा आडनाव पुढे-मागे. ‘बाई’, ‘राव’ कधी जोडलेलं, कधी गळालेलं.
३) जन्मतारीख चुकीची किंवा नुसतं वय लिहिलेलं.
४) लग्न पेन्शननंतर झालं किंवा पहिली पत्नी वारल्यावर दुसरं लग्न झालं, पण कळवलंच नाही.
५) मुलाबाळांची नोंद अर्धवट. विशेषतः दिव्यांग मुलाची नोंद राहून गेलेली.

एवढ्याशा चुकीने काय बिघडतं?

जवान हयात असेपर्यंत फारसं काही बिघडत नाही. त्याच्या माघारी मात्र फॅमिली पेन्शन ज्या नावाने नोंद आहे त्याच नावाला मिळते. अर्ज करणारीचं आधार, पॅन आणि बँक पासबुक शालनचं आणि पीपीओवर हौसाबाई असेल, तर प्रकरण परत येतं. मग दुःखाच्या दिवसांत म्हातारीला कोर्टाच्या आणि तहसीलच्या पायऱ्या चढाव्या लागतात. दोन्ही नावं माझीच, हे तिला एकटीला सिद्ध करावं लागतं.

जन्मतारखेचं नुकसान तर पैशात मोजता येतं. पेन्शनर किंवा फॅमिली पेन्शनर ८० वर्षांचा झाला की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात. ८५ व्या वर्षी ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरी गाठली तर १०० टक्के. विधवेच्या बाबतीत वय तिचं स्वतःचं धरतात, नवऱ्याचं नाही.

आता हिशोब करा. फॅमिली पेन्शनची किमान मूळ रक्कम ९,००० रुपये आहे. त्याचे २० टक्के म्हणजे महिन्याला १,८०० रुपये, त्यावर महागाई भत्ता वेगळा. नोंदीत वय खऱ्यापेक्षा तीन वर्षांनी कमी लागलं असेल, तर ही वाढ ३६ महिने उशिरा सुरू होणार. १,८०० गुणिले ३६ म्हणजे ६४,८०० रुपये, भत्ता सोडून. एका चुकलेल्या तारखेची ही किंमत आहे. आणि तारीखच नसेल तर वाढ आपोआप लागत नाही, मागावी लागते.

दिव्यांग मुलगा किंवा मुलगी असलेल्या घरात तर जास्तच जपायला हवं. स्वतःच्या पायावर उभं राहू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आई-वडिलांच्या माघारी हयातभर फॅमिली पेन्शन मिळू शकते. आई-वडील असतानाच ही नोंद झाली असेल तर पुढे सोपं जातं. नाहीतर त्या लेकराच्या बाजूने धावणार कोण?

नोंद कोणाच्या हातात असते?

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. कोणी बँकेत जातो, कोणी तहसीलला, कोणी महा-ई-सेवा केंद्रात. पण जवानाची मूळ नोंद यातल्या कोणाकडेच नसते.

जवान आणि जेसीओ यांची मूळ नोंद त्यांच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असते. भरतीपासून घरी येईपर्यंतची सगळी हकिकत ज्यात असते त्या कागदाला ‘शीट रोल’ म्हणतात. डिस्चार्ज बुक ही त्यातली निवडक माहिती जवानाच्या हातात दिलेली. पीपीओ म्हणजे पेन्शन देण्याचा हुकूम. तो रेकॉर्ड ऑफिसच्या माहितीवरून प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन लेखा कार्यालयातून निघतो. बँक किंवा ‘स्पर्श’ हे फक्त त्या हुकुमाप्रमाणे पैसे देतात. म्हणून दुरुस्ती मुळापासून, रेकॉर्ड ऑफिसातूनच करावी लागते.

आपल्या भागातले जास्त जवान जिथे असतात, त्यांची रेकॉर्ड ऑफिसं अशी: मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. नौदलाच्या खलाशांची नोंद मुंबईत मानखुर्दला असते. हवाई दलाचं काम दिल्लीतून चालतं. लष्करी अधिकाऱ्यांची नोंदही दिल्लीत सेना मुख्यालयात असते. तुमचं नेमकं ऑफिस डिस्चार्ज बुकवर किंवा पीपीओवर लिहिलेलं असतं.

पहिलं काम: सगळे कागद एका चादरीवर मांडा

अर्ज लिहायच्या आधी घरातले सगळे कागद एकत्र काढा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (नंतर सुधारित आले असतील तर तेही), माजी सैनिक ओळखपत्र, ईसीएचएस कार्ड, आधार, पॅन, बँक पासबुक, शाळेचा दाखला, लग्नाचा दाखला.

एका वहीच्या पानावर रकाने पाडा. एकेका कागदावर नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव आणि दोघांच्या जन्मतारखा कशा लिहिल्यात ते अक्षर न अक्षर उतरवा. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. कुठे काय जुळत नाही ते अर्ध्या तासात समोर येईल.

यातच ठरवा की बदलायचं काय. कधी चूक लष्कराच्या नोंदीत असते, कधी आधारमध्ये. नोंद बरोबर आणि आधार चुकीचं असेल, तर आधार दुरुस्त करणं हाच जवळचा रस्ता. आधारवर जन्मतारीख सहसा एकदाच बदलून मिळते, म्हणून जाण्यापूर्वी कोणता पुरावा चालतो ते केंद्रावर विचारून घ्या.

एक गोष्ट कधीही करू नका. डिस्चार्ज बुकात स्वतःच्या पेनाने खाडाखोड करू नका. चांगल्या मनाने केलेली दुरुस्तीसुद्धा फेरफार ठरते आणि खरा कागद संशयात सापडतो.

जवानाची स्वतःची जन्मतारीख बदलते का?

याचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच आहे, आणि ते आधीच माहीत असलेलं बरं. भरतीच्या वेळी जी तारीख लागली ती कायम धरतात. हरकत घ्यायची असेल तर ती नोकरीच्या सुरुवातीलाच घ्यायची असते. नोकरी संपत आल्यावर जन्मतारीख बदलून मागता येणार नाही, अशी भूमिका सुप्रीम कोर्टानेही १९९३ सालच्या निकालात घेतली आहे.

आपल्याकडे जुन्या पिढीत अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकलेली. ती भरतीतही लागली असेल तर आता तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आधार आणि पॅन त्या तारखेशी जुळवून घेणं हेच शहाणपणाचं. कारकुनाच्या हातून झालेली चूक असेल, म्हणजे शाळेच्या दाखल्यावर एक आणि नोंदीत दुसरंच असेल, तर पुराव्यासह अर्ज जरूर करावा. पत्नीची आणि मुलांची जन्मतारीख मात्र पुरावा दिला की दुरुस्त होते.

अर्जासोबत काय जोडायचं?

अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत करावा. त्यात आर्मी नंबर, हुद्दा, नाव, युनिट, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, पीपीओ नंबर, पूर्ण पत्ता, पिनकोड आणि मोबाईल नंबर हवा. मग सरळ दोन ओळी: सध्या नोंदीत असं आहे, ते असं करावं. लांबलचक कहाणी लिहू नये.

सोबत सहसा हे कागद मागतात:

• प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र. ‘हौसाबाई आणि शालन ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असून ती माझी पत्नी आहे’ हे त्यात स्पष्ट हवं. फक्त एकच नाव लिहिलेलं प्रतिज्ञापत्र कामाचं नाही.
• नाव बदलत असेल तर वर्तमानपत्रात दिलेल्या जाहीर सूचनेची कात्रणं, एक इंग्रजी आणि एक मराठी. पूर्ण पान जपून ठेवा, तारीख दिसली पाहिजे.
• डिस्चार्ज बुक आणि पीपीओच्या साक्षांकित प्रती.
• दोघांचं आधार, पॅन, बँक पासबुक.
• जन्मतारखेसाठी शाळेचा किंवा जन्माचा दाखला.
• लग्नाचा दाखला. जुनं लग्न नोंदवलेलं नसेल तर ग्रामपंचायतीत नोंदणी करून दाखला घेता येतो.
• पती-पत्नीचा एकत्र फोटो.

दुसरं लग्न असेल तर पहिल्या पत्नीचा मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूम लागतो. पहिली पत्नी हयात असताना आणि घटस्फोट झालेला नसताना केलेल्या दुसऱ्या लग्नाला ही नोंद मिळत नाही, हे स्पष्ट माहीत असावं. दिव्यांग अपत्यासाठी सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचा दिव्यांगत्वाचा दाखला जोडावा. नाव मुळापासून बदलायचं असेल आणि राजपत्र मागितलं, तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलाची नोंद ऑनलाईन अर्ज करून घेता येते.

कागद पाठवायचे कसे?

पहिली पायरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिथले कल्याण संघटक जुने फौजीच असतात. ते अर्जाचा नमुना देतात, कागद तपासतात आणि कार्यालयाच्या पत्रासह अर्ज पुढे पाठवता येतो. तालुक्याच्या ठिकाणी त्यांचे दौरे असतात, तारखा विचारून ठेवा.

थेट पाठवायचा असेल तर स्पीड पोस्टने पाठवा. मूळ कागद सहसा पाठवू नका. मागितले तर झेरॉक्स ठेवून मगच द्या. पोस्टाची पावती अर्जाच्या प्रतीला तिथेच टाचून ठेवा. पुढे हीच पावती तुमच्या बाजूने बोलते.

कागद पटले की रेकॉर्ड ऑफिस ‘पार्ट टू ऑर्डर’ काढतं. म्हणजे बदल अधिकृतपणे नोंदीत चढला. त्यानंतर पेन्शन कार्यालयातून सुधारित पीपीओ निघतो. बरेच जण इथेच चुकतात. पार्ट टू ऑर्डरचं पत्र आलं की काम झालं समजतात. सुधारित पीपीओ हातात येईपर्यंत किंवा ‘स्पर्श’वर नवीन नाव दिसेपर्यंत काम अर्धंच आहे, हे लक्षात ठेवा.

‘स्पर्श’वर काय बघायचं?

संरक्षण पेन्शन आता ‘स्पर्श’ या ऑनलाईन व्यवस्थेतून मिळते. जुन्या पेन्शनरांची माहिती तिथे भरताना जुन्या चुकाही तशाच गेल्या, काही ठिकाणी नवीन भर पडली. लॉगिन करून स्वतःचं नाव, पत्नीचं नाव, दोघांच्या जन्मतारखा, मोबाईल आणि बँक खातं एकदा तपासा. स्वतःला जमत नसेल तर ‘स्पर्श’ची सेवा देणाऱ्या सीएससी केंद्रात किंवा बँक शाखेत जा. पत्ता, मोबाईल अशा गोष्टी तिथे बदलता येतात. कुटुंबाच्या नोंदीला मात्र रेकॉर्ड ऑफिसची मंजुरी लागतेच.

इथेच फसवणुकीचा धोका आहे. ‘स्पर्शमधून बोलतोय, पेन्शन बंद होईल, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. कोणतंही सरकारी कार्यालय फोनवर ओटीपी मागत नाही. नोंद दुरुस्तीसाठी रेकॉर्ड ऑफिस फी घेत नाही. ‘वरपर्यंत ओळख आहे, एवढे द्या’ म्हणणाऱ्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

उत्तरच आलं नाही तर?

महिना-दीड महिना वाट बघून स्मरणपत्र पाठवा. त्यात आधीच्या अर्जाची तारीख आणि स्पीड पोस्टचा नंबर लिहा.

तरी हालचाल नसेल तर माहिती अधिकार आहे. २००५ च्या कायद्याप्रमाणे रेकॉर्ड ऑफिसच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपये फी भरून अर्ज करता येतो. दोन गोष्टी मागा: माझ्या शीट रोलमधल्या कौटुंबिक नोंदीची प्रत, आणि माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. नाही मिळालं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर आणि संरक्षण मंत्रालयाच्या पेन्शन तक्रार पोर्टलवरही मोबाईलवरून तक्रार टाकता येते.

अर्ज फेटाळला आणि तो अन्यायाने फेटाळला असं वाटत असेल, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झालं, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम नकार मिळाल्यापासून ६ महिन्यांत तिथे जावं लागतं, म्हणून नकाराचं पत्र आणि त्याचा लिफाफाही जपून ठेवा. जवानाच्या माघारी त्याची पत्नी किंवा वारसही दाद मागू शकतात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा समितीकडे जा. मोफत कायदेशीर मदतीचा हक्क कायद्याने महिलांना आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

जवान आधीच गेला असेल तर?

तरीही वाट बंद होत नाही, फक्त लांबते. पत्नीने स्वतः प्रतिज्ञापत्र करायचं, जवानाचा मृत्यूचा दाखला, लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्माचे किंवा शाळेचे दाखले जोडायचे. मुलाच्या दाखल्यावर आईचं नाव असेल तर तो मोठा आधार ठरतो. जुनी पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या, युनिटमधले फॅमिली फोटो फेकून देऊ नका. हौसाबाईच्या नावाने आलेली एक जुनी मनीऑर्डर, शालनचा पत्ता आणि हौसाबाईचा पत्ता एकच होता, हे दाखवायला उपयोगी पडू शकते.

पेन्शन न घेता घरी आलेल्यांनी आणखी घाई करावी. त्यांचे कागद रेकॉर्ड ऑफिसात कायम ठेवत नाहीत, साधारण २५ वर्षांनी नष्ट करतात. त्यानंतर ‘लाँग रोल’ नावाच्या रजिस्टरातली मोजकी नोंद तेवढी उरते.

आज एवढं करा

घरात माजी सैनिक असतील तर आज संध्याकाळी ती ट्रंक उघडा. नातवाला मोबाईल घेऊन शेजारी बसवा. डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि आजीचं आधार शेजारी शेजारी ठेवून नाव आणि तारीख मोठ्याने वाचा. आजीलाही ऐकू द्या, कारण तिचं माहेरचं नाव काय होतं ते नातवाला बहुधा माहीतच नसतं.

जुळलं तर सगळ्या कागदांचे फोटो काढून ठेवा आणि ट्रंक बंद करा. नाही जुळलं तर उद्याच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आजोबांची सही आज होते आहे, तोवर हे काम सोपं आहे.

(ही माहिती आपल्या गावातल्या माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या घरी नक्की पोहोचवा. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना वाचून दाखवा.)